संकट, श्रद्धा आणि सावरणं: केनेथ पार्गमेंट यांच्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजारपण, अपघात, जवळच्या माणसाचा मृत्यू अशा वेळी श्रद्धा माणसाला काय देते, आणि केव्हा तीच टोचू लागते, यावर अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी आपली सगळी कारकीर्द घालवली. मी हा विषय विद्यार्थ्यांना शिकवते आणि आजारी माणसांच्या घरच्यांशीही बोलते. दोन्हीकडून पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. वेळ कमी असेल तर देवावरच्या रागाबद्दलचे दोन प्रश्न आधी वाचा. माझ्या मते या संशोधनाचा खरा उपयोग तिथे आहे.

पार्गमेंट कोण? त्यांनी नेमका कशाचा अभ्यास केला?

पार्गमेंट यांनी १९७७ मध्ये मेरीलँड विद्यापीठातून पीएच.डी. केली आणि १९७९ पासून ते ओहायोतल्या बोलिंग ग्रीन स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. तेव्हा मानसशास्त्रात धर्माबद्दल दोनच सूर असत. एक फ्रॉइडच्या वाटेने आलेला: धर्म म्हणजे वास्तव सोसवत नाही म्हणून मनाने काढलेली पळवाट. दुसरा: हा विषयच आपला नाही, तो धर्मगुरूंनी पाहावा. पार्गमेंट दोन्ही सोडून संकटात सापडलेल्या साध्या माणसांकडे गेले. या दिवसांत तुमच्या देवाधर्माचा तुम्हाला काय उपयोग झाला, कुठे त्रास झाला, हे त्यांनी विचारायला सुरुवात केली. त्यातून उभा राहिलेला सिद्धांत त्यांनी १९९७ मध्ये 'द सायकॉलॉजी ऑफ रिलिजन अँड कोपिंग' या ग्रंथात मांडला.

त्यांचं म्हणणं असं. प्रत्येक माणूस काही ना काही मोलाचं धरून जगतो: घर, मुलं, तब्येत, मान, देव. संकट त्यावरच घाला घालतं. मग माणूस आधी ते टिकवायची धडपड करतो. टिकत नाही असं दिसलं की आता मोलाचं काय, हे त्याला नव्याने ठरवावं लागतं. धर्म या दोन्ही कामांत हाताशी येतो. नवरा अतिदक्षता विभागात असताना नवस बोलणारी बाई टिकवायच्या धडपडीत असते. तोच नवरा गेल्यावर दहावं-तेरावं होतं, वर्षश्राद्ध होतं, तेव्हा ती हळूहळू त्याच्याशी असलेलं नातं वेगळ्या जागी नेऊन ठेवत असते.

देवाचं करणाऱ्याला दुःख कमी वाटतं हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात संशोधन कसलं?

माहीत आहे असं वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. आधीचे अभ्यास माणूस किती धार्मिक आहे ते मोजायचे: प्रार्थनेला किती वेळा जाता, धर्मग्रंथ वाचता का, वगैरे. दोन माणसं रोज एकाच देवळात जातात. बायपास करावी लागेल असं कळल्यावर एकाच्या मनात येतं, 'तो आहे पाठीशी.' दुसऱ्याच्या मनात येतं, 'माझंच काहीतरी चुकलं, ते फेडतोय.' हजेरी मोजली तर दोघे सारखेच भरतील. पार्गमेंट यांनी लक्ष त्या क्षणावर आणलं. श्रद्धा आहे की नाही यापेक्षा संकटात ती कोणतं रूप घेते, ते त्यांनी मोजलं.

या पद्धतीने झालेल्या ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. देव पाठीशी आहे या भावनेने संकटाला सामोरं जाणारे सरासरीने बरे सावरलेले दिसले. देव शिक्षा करतोय, त्याने टाकून दिलंय या भावनेत अडकलेल्यांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त होतं.

सगळं देवावर सोडणारा सुखी, की स्वतः हातपाय मारणारा?

१९८८ मध्ये पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी चर्चच्या सदस्यांना विचारून तीन तऱ्हा वेगळ्या काढल्या. पहिली तऱ्हा स्वतःच्या बळावर चालणाऱ्यांची: देवाने डोकं आणि हातपाय दिलेत, पुढचं माझं मी बघतो. दुसरी सगळा भार वर टाकून बसणाऱ्यांची; आपल्याकडे त्याला 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणतात. तिसरी भागीदारीची: मी माझ्याकडून करतो, तो त्याच्याकडून करेल, दोघं मिळून निभावू. भागीदारी मानणाऱ्यांचा स्वतःच्या कुवतीवरचा विश्वास चांगला होता. भार टाकून बसणाऱ्यांचा कमी होता.

पण यावरून 'देवावर सोडणं वाईट' असा निकाल काढू नका. जिथे माणसाच्या हातात काही उरलेलंच नाही, उदाहरणार्थ ऑपरेशन थिएटरचं दार बंद झाल्यावर, तिथे सोडून देता येणं ही मोठी गोष्ट असते. गोळ्या वेळेवर घेणं, पथ्य पाळणं, तपासणीची तारीख न चुकवणं ही कामं मात्र देवावर सोडायची नसतात. मधुमेहाच्या रुग्णांच्या घरी हा फरक मी वारंवार समजावून सांगते.

पण श्रद्धेसारखी गोष्ट मोजतात तरी कशी?

प्रश्नावलीने. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रश्नावलीत १०५ विधानं आहेत. त्याआधी १९९८ मध्ये आलेली छोटी चौदा विधानांची आहे, आणि जगभर जास्त वापरली जाते ती हीच. आयुष्यातला एखादा मोठा आघात डोळ्यांसमोर आणायचा आणि प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडलं त्याला शून्य ते तीन गुण द्यायचे. सात विधानं आधाराची: देवाशी नातं अधिक घट्ट करायचा प्रयत्न केला, मनातला राग जावा म्हणून त्याची मदत मागितली, त्याच्या साथीने ठरवलेलं पार पाडायला निघालो. सात ओढाताणीची: देवाने मला टाकलं की काय असं वाटलं, माझी भक्ती कमी पडली म्हणून ही शिक्षा असं वाटलं, त्याच्या सामर्थ्याबद्दलच शंका आली, माझ्या धर्मबांधवांनी मला वाऱ्यावर सोडलं असं वाटलं.

ही विधानं टेबलावर बसून रचलेली नाहीत. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारतीवर बॉम्बहल्ला झाला आणि १६८ माणसं गेली. त्या शहरातल्या चर्चचे सदस्य, मोठा आघात सोसलेले कॉलेजचे विद्यार्थी आणि रुग्णालयात दाखल असलेले ज्येष्ठ, अशा तीन अगदी वेगळ्या गटांवर ती तपासली गेली. तिन्हीकडे लोकांनी ओढाताणीपेक्षा आधाराचेच मार्ग जास्त वापरले होते. ओढाताण तुलनेने कमी लोकांच्या वाट्याला येते, पण आली की तिचे परिणाम खोल असतात.

देवावर राग धरला तर माणूस लवकर मरतो, असं संशोधन आहे म्हणे. खरं आहे का?

या अभ्यासाबद्दल सोशल मीडियावर अर्धवट काहीबाही फिरत असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पार्गमेंट, ड्यूक विद्यापीठातले डॉक्टर हॅरॉल्ड कोनिग आणि सहकारी यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ५५ वर्षं आणि त्यापुढच्या ५९६ रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. मग साधारण दोन वर्षं त्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं. त्या काळात १७६ रुग्ण दगावले. वय, आजाराची तीव्रता, नैराश्य अशा बाबी हिशेबात धरूनही एक गोष्ट उरली: धार्मिक ओढाताण जास्त असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका थोडा जास्त होता. त्यातही तीन विधानं उठून दिसली. 'देवाने मला टाकलं का, असं मनात आलं' म्हणणाऱ्यांमध्ये धोका २८ टक्क्यांनी जास्त, 'देवाचं माझ्यावर प्रेम आहे का, अशी शंका आली' म्हणणाऱ्यांमध्ये २२ टक्क्यांनी, आणि 'हे सैतानाने घडवलं' म्हणणाऱ्यांमध्ये १९ टक्क्यांनी. निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता नीट बघा. हा धोका तुलनेचा आहे. २८ टक्के जास्त म्हणजे शंभरातले २८ मेले असं नाही. शिवाय अशा अभ्यासातून दोन गोष्टी सोबत चालतात एवढंच कळतं; एकीमुळेच दुसरी घडली हे सिद्ध होत नाही. आणि सर्वांत जास्त धोका दाखवणाऱ्या त्या दोन विधानांत राग नाहीच. त्यांत टाकलं गेल्याची भावना आहे, एकटं पडल्याची. ज्या आधारावर आयुष्य काढलं तोच ऐनवेळी हात सोडून गेला, असं वाटणारा म्हातारा माणूस जेवण कमी करतो का, औषध टाळतो का, भेटायला आलेल्यांकडे पाठ फिरवतो का, हे प्रश्न मला त्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

याच रुग्णांपैकी हयात असलेल्यांवरचा पुढचा अभ्यास २००४ मध्ये आला. ज्यांची ओढाताण सुरुवातीलाही होती आणि दोन वर्षांनीही तशीच होती, त्यांची तब्येत ढासळण्याचा धोका जास्त दिसला. जे मधल्या काळात त्यातून बाहेर पडले त्यांचं तसं झालं नाही. शंका येण्याने माणूस खचतो असं यावरून म्हणता येत नाही. शंकेत वर्षानुवर्षं अडकून पडणं, तेही एकट्याने, हे काळजीचं आहे.

घरातलं आजारी माणूस देवाला बोल लावायला लागलं तर गप्प करावं का?

नाही. कृपा करून करू नका.

कर्करोगाच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर हे संभाषण कधीही कानावर पडेल. आई म्हणते, "एक संकष्टी मोडली नाही मी आजवर. त्याचं हे फळ दिलं का त्याने?" शेजारी बसलेली मावशी लगेच म्हणते, "अगं, असं बोलू नये. तो परीक्षा बघतोय तुझी." आई गप्प बसते. मावशीचा हेतू चांगलाच असतो. तिला स्वतःलाच त्या वाक्याची भीती वाटलेली असते. पण आईला त्यातून एवढंच कळलं, की आपलं लेकरू आजारी आहे आणि वर आपल्या मनात पापही आलं.

जूली एक्सलाइन या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ, पार्गमेंट यांच्या दीर्घकाळच्या सहकारी. देवावर रागावलेल्या माणसांनी ते कुणाला सांगितलं आणि समोरच्याने काय केलं, हे त्यांनी तपासलं. ज्यांना समजून घेणारं माणूस भेटलं ते देवाशी बोलत राहण्याकडे वळले. ज्यांना दटावलं गेलं, लाज वाटायला लावली गेली, त्यांच्यात राग आतल्या आत दाबणं, तो टिकून राहणं आणि दारूसारख्या गोष्टींकडे वळणं जास्त आढळलं. एक्सलाइन यांच्याच दुसऱ्या कामात असंही दिसलं, की देवावरचा राग आणि त्याच्यावरची माया एकाच मनात एकाच वेळी राहू शकतात.

हे आपल्याला परकं वाटायचं काही कारण नाही. विठोबाला तोंडावर जाब विचारणारे, त्याला शिव्याशाप देणारे अभंग वारकरी आजही टाळमृदंगावर गातात, आणि ते गाणाऱ्याला कुणी नास्तिक म्हणत नाही. भांडण ज्याच्याशी नातं आहे त्याच्याशीच होतं, हे या परंपरेला पक्कं माहीत आहे. मग वॉर्डाबाहेर बसलेल्या आईला ती मुभा आपण का नाकारतो?

मावशीने काय म्हणावं? "किती केलंस गं तू त्याचं. राग येणारच." एवढं पुरेल. देवाची बाजू मांडायला जाऊ नका, आणि देव नाहीच हे पटवायलाही जाऊ नका.

'माझ्याच वाट्याला का?' याचं उत्तर सापडल्याशिवाय माणूस सावरत नाही का?

इथे पार्गमेंट यांच्याबरोबर आणखी एक नाव घ्यायला हवं: कनेटिकट विद्यापीठातल्या क्रिस्टल पार्क. त्यांनी १९९७ मध्ये सुझन फोकमन यांच्यासोबत, आणि २०१० मध्ये एका मोठ्या आढाव्यात, संकटाचा अर्थ लावण्याची प्रक्रिया उलगडून दाखवली.

आपल्या सगळ्यांच्या मनात जगाबद्दल काही गृहीतकं असतात. सरळ वागणाऱ्याचं वाईट होत नाही. लेकरं आईबापांच्या आधी जात नाहीत. व्यसन नसलेल्याला कर्करोग होत नाही. मग एक दिवस असं काही घडतं जे या चौकटीत बसत नाही. पार्क यांच्या मते दुःखाची धार या विसंगतीत असते, आणि ती जितकी मोठी तितका त्रास जास्त. ती मिटवायला माणूस एकतर घटनेकडे वेगळ्या नजरेने पाहतो ('निदान हाल न होता गेले') किंवा जगाबद्दलचं आपलं मत बदलतो ('आयुष्य न्यायाने चालत नाही, ते जपून वापरायचं'). देवधर्म दोन्ही कामांना साहित्य पुरवतो.

पार्क यांनी एक भेद फार स्पष्ट केला: अर्थ शोधत राहणं वेगळं आणि अर्थ सापडणं वेगळं. शोध चालू आहे म्हणजे माणूस बरा होतोय, असं गृहीत धरता येत नाही. रात्र रात्र तोच प्रश्न घोळवणं हा शोधही असू शकतो आणि गिरकीही.

यात मला सर्वांत दिलासा देणारा अभ्यास २००० सालचा आहे. अचानक बाळ दगावलेले आईवडील, आणि वाहन अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेली माणसं, अशा दोन गटांवरचा. वर्ष उलटून गेलं तरी निम्म्याहून कमी लोकांना त्या मृत्यूचा काही अर्थ लागला होता. ज्यांनी अर्थ शोधलाच नाही असे बरेच जण होते आणि ते तुलनेने ठीक होते. आणि ज्यांना अर्थ सापडला त्यांनीही शोध थांबवला नव्हता.

म्हणजे 'का' याचं उत्तर न मिळताही माणसं सावरतात, पुष्कळ सावरतात. कुणाला उत्तर हवं असेल तर त्याच्याबरोबर बसा. कुणाला नको असेल तर ते त्याच्या गळ्यात घालू नका.

दुःखातून माणूस मोठा होतो, हे खरं का?

काही जण तसं सांगतात. १९९६ मध्ये रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी आघातानंतरची वाढ मोजायची प्रश्नावली केली, आणि नाती घट्ट झाली, प्राधान्यक्रम बदलला, अध्यात्माकडे ओढ वाढली असं बरेच लोक नोंदवतात. पण हे सगळं माणूस स्वतःबद्दल मागे वळून सांगतो, त्यामुळे प्रत्यक्षात किती बदल झाला याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. ज्याला वाढ जाणवते त्याने ती सांगावी. दुसऱ्याच्या दुःखात ती आपण जाहीर करू नये.

हे सगळं ख्रिस्ती लोकांवरचं काम. आपल्याला कितपत लागू पडतं?

आक्षेप रास्त आहे, आणि पार्गमेंट यांच्या गटानेच तो आधी घेतला. मुस्लिम, ज्यू आणि बौद्ध लोकांसाठी वेगळ्या प्रश्नावल्या तयार झाल्या. नलिनी तारकेश्वर, पार्गमेंट आणि ॲनेट महोनी यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या हिंदूंसाठी एक तयार केली. तिच्यातून तीन धागे निघाले: ईश्वराला धरून सावरणं, साधनेला आणि आत्मशोधाला धरून सावरणं, आणि तिसरा अपराधीपणा, राग आणि हतबलतेचा. तिसरा धागा इथेही त्रासाशीच जोडलेला निघाला.

कर्माचा मुद्दा मात्र स्वतंत्रपणे बघावा लागतो. अलाहाबाद विद्यापीठातले अजित दलाल यांनी १९८०च्या दशकात अपघातात जायबंदी होऊन रुग्णालयात पडलेल्यांचा अभ्यास केला. हे का घडलं, याला बहुतेकांनी कर्म आणि ईश्वरेच्छा ही कारणं दिली, आणि तसं मानण्याचा मनाने सावरण्याशी चांगला संबंध आढळला. बाहेरून पाहणाऱ्याला 'पूर्वीचं फेडतोय' हे स्वतःला दोष देणं वाटेल. त्या माणसासाठी त्याचा अर्थ 'हिशेब होता, चुकता झाला, आता पुढे' असाही असतो.

हेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं की सगळं उलटतं. गतिमंद मुलाच्या आईला नातेवाइकांनी 'गेल्या जन्मीचं काहीतरी असणार तुझं' म्हणणं हा क्रूरपणा आहे. ती आधीच दिवसरात्र राबत असते, त्यात तिला आरोपीही करून टाकतात. कर्म हे स्पष्टीकरण ज्याचं त्याने स्वतःसाठी वापरलं तर वापरावं. दुसऱ्याच्या आजारावर ते चिकटवायचा अधिकार कुणालाच नाही, मग तो घरातला वडीलधारा असो की मठातला महाराज.

करणी, बाहेरची बाधा असं मानणं हेही यातच येतं का?

येतं. 'सैतानाने घडवलं' या विधानाचं आपल्याकडचं रूप हेच. संकटामागे कुणाचा तरी दुष्ट हात आहे असं मानलं की क्षणभर उत्तर मिळतं, पण त्यासोबत भीती येते आणि शेजारच्या किंवा भावकीतल्या कुणावर तरी संशय येतो. त्यात उपचार लांबतात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे करणं हा त्याखाली गुन्हा आहे. माणसाची भीती खरी असते, तिची टिंगल करू नका. दवाखाना मात्र आधी गाठा.

नामस्मरणाने वेदना कमी होते का?

एमी वॉकहोल्ट्झ आणि पार्गमेंट यांनी २००५ मध्ये एक साधा प्रयोग केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे तीन गट. एकाने देवाचा उल्लेख असलेलं वाक्य मनात घोळवत ध्यान करायचं, दुसऱ्याने 'मी आनंदी आहे' अशा धाटणीचं वाक्य घेऊन, तिसऱ्याने फक्त शरीर सैल सोडायचं. रोज वीस मिनिटं, दोन आठवडे. मग सगळ्यांनी बर्फाच्या, साधारण दोन अंश सेल्सिअसच्या पाण्यात हात बुडवून जमेल तितका वेळ ठेवायचा. पहिल्या गटाने हात इतरांच्या जवळजवळ दुप्पट वेळ ठेवला. दुखतं किती, हे विचारल्यावर मात्र गटांत फरक नव्हता. वेदना तेवढीच, सोसण्याची ताकद जास्त. पुढे अर्धशिशीच्या रुग्णांवरही असाच प्रयोग झाला आणि देवाचं वाक्य घेऊन ध्यान करणाऱ्यांची डोकेदुखीची वारंवारता कमी झालेली दिसली.

आपल्याकडे जप करणाऱ्या कुणालाही हे नवल वाटणार नाही. पण यावरून 'गोळीऐवजी नाम' असा अर्थ कुणी काढला तर तो साफ चुकीचा आहे.

मी देव मानत नाही. मला याचा काय उपयोग?

बराच. पार्गमेंट यांच्या मांडणीत अध्यात्म म्हणजे पवित्राचा शोध, आणि पवित्राच्या यादीत देव एकटा नाही. ॲनेट महोनी यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की लोक लग्न, अपत्यं, स्वतःचं काम, निसर्ग यांनाही पावित्र्य देतात आणि ते जपायला जास्त झटतात. म्हणूनच ते भंगलं की जखमही खोल होते. २००५ मधल्या त्यांच्या अभ्यासात पवित्र काही गमावल्याची भावना नैराश्याशी जोडलेली दिसली. ते कुणीतरी विटाळलं ही भावना रागाशी जोडलेली होती. मोडलेल्या लग्नानंतर एखादा माणूस वर्षानुवर्षं धुमसत का राहतो, ते यातून मला कळायला मदत झाली.

शिवाय २०१४ मध्ये एक्सलाइन, पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी आध्यात्मिक ओढाताणीचे सहा प्रकार मोजणारी २६ विधानांची प्रश्नावली केली. देवाशी, दुष्ट शक्तींशी, धर्मातल्या माणसांशी, स्वतःच्या सदसद्विवेकाशी, श्रद्धेतल्या शंकांशी, आणि सहावा प्रकार: आयुष्याला काही अर्थ आहे का, हा. शेवटच्यासाठी देव मानावा लागत नाही.

समुपदेशकाकडे गेलो तर तो माझ्या श्रद्धेत ढवळाढवळ करेल का?

करू नये. पार्गमेंट यांनी २००७ च्या पुस्तकात समुपदेशकांना हेच बजावलं: श्रद्धेबद्दल विचारायचं, पण ती लादायची नाही आणि काढूनही घ्यायची नाही. 'या दिवसांत तुम्हाला बळ कशातून मिळतं?', 'तुमच्या श्रद्धेवर याचा काही परिणाम झाला का?' असे सहज प्रश्न पुरतात. त्यांच्या गटाने अशा ओढाताणीतल्या कॉलेज विद्यार्थ्यांसाठी नऊ बैठकींचा गट-कार्यक्रमही तयार करून तपासला. तुमचा समुपदेशक श्रद्धेचं नाव काढताच कुत्सित हसत असेल किंवा स्वतःच्या गुरूंचा अंगारा देत असेल, तर दुसरा शोधा.

तातडीने बोलायची गरज असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. मराठीत बोलता येतं. जगणं नको असं वाटत असेल तर थांबू नका, लगेच फोन करा.

मला मराठी रुग्णांवर या विषयात प्रबंध करायचा आहे. ती चौदा विधानं मराठीत आणली की झालं का?

नाही होणार. 'देव शिक्षा करतोय' हे विधान मराठीत नीट उतरेल, पण आपल्या रुग्णांची ओढाताण त्यात मावत नाही. फेडायचा राहून गेलेला नवस, कुलदैवताला जाणं खंडित झालं म्हणून झालेला कोप, साडेसाती, पितृदोष, सोवळं-ओवळं मोडल्याची टोचणी, पत्रिका न जुळवता केलेलं लग्न: ही विधानं तुम्हालाच शोधून काढावी लागतील. तसंच आधाराच्या बाजूला वारी, भजनी मंडळ, पारायण, दर्ग्यावर चादर, बुद्धवंदना. मराठी रुग्ण म्हणजे फक्त हिंदू रुग्ण नव्हे, आणि हिंदूंमध्येही सगळ्यांचं देवघर सारखं नसतं.

म्हणून आधी काही महिने प्रश्नावली बाजूला ठेवा आणि मुलाखती घ्या. बाईची मुलाखत घेताना सासूला किंवा नवऱ्याला बाहेर बसायला सांगा, नाहीतर 'देवाची कृपा आहे' यापलीकडे काही ऐकू येणार नाही. वाक्यं त्यांच्याच तोंडची, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. विधानं त्यातून निवडा आणि ती पुन्हा दुसऱ्या रुग्णांना वाचून दाखवा. वाचताना समोरचा 'अगदी असंच' म्हणाला तर ते विधान ठेवा. ज्या विधानावर त्याला थांबून विचारावं लागलं, 'म्हणजे काय?', ते काढून टाका.